सिनेमातला हात, पुस्तकातलं भूत

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल मी जी सूचना लिहून जिन्याजवळ लावली होती, तिच्यात घाबरण्यासारखं काहीही नव्हतं, हे मी आजही सांगते. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. टाकी तपासली, आढळलं ते लिहिलं. 'झाकण उघडं होतं. ते वाऱ्याने उघडत नाही. पाण्यात केस आढळले. केस माणसाचेच आहेत असं खात्रीने सांगता येत नाही.' झालं. यात एक शब्द जास्तीचा नाही आणि एक शब्द खोटा नाही. पण त्या दिवसापासून तळमजल्यावरच्या शिकवणीबाई नळ सोडण्याआधी त्याला टिचकी मारून मागे सरकू लागल्या, आणि दुसऱ्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे फर्निचरवाले ती सूचना भिंतीवरून काढून, हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

मला वाटलं, तक्रार आहे.

"वहिनी," ते म्हणाले, "काय लिहिता हो तुम्ही! कालपासून आमच्याकडे सगळे विकतच्या पाण्याने चूळ भरतायत. तुम्ही माझं पुस्तक लिहा."

फर्निचरवाल्यांची अडचण खरी होती. त्यांच्या गोदामात कपाटं अडकून पडली होती. काळपट लाकडाची, आत माणूस उभा राहील एवढी, दार उघडताना कण्हणारी. कोणी घेईना. त्याच सुमारास त्यांचा भाचा सिनेमाचं शिक्षण पुरं करून घरी येऊन बसला. कपाटं आणि भाचा, दोन्ही जागा अडवून होते. फर्निचरवाल्यांनी त्यांची सांगड घातली आणि 'चौथं कपाट' नावाचा भुताचा सिनेमा काढायला घेतला. प्रत्येक प्रसंगात कपाट हवं, एवढीच त्यांची अट होती.

"मोठमोठ्या भुताच्या सिनेमांवर कादंबऱ्या निघतात म्हणे," ते सांगत होते. "सिनेमा लागतो त्याच आठवड्यात पुस्तक. आपलंही निघालं पाहिजे. एका कपाटावर एक पुस्तक फुकट."

"कपाट घेणारा माणूस भुताच्या पुस्तकाचं काय करेल?" मी विचारलं.

"कपाटात ठेवेल."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण फर्निचरवाल्यांनी पटकथेची चळत टीपॉयवर ठेवली होती, आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून माझे सासरे, म्हणजे मामंजी, उठून आले, त्यांनी मधलंच एक पान उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचलं:

"दार मी केलं. कडी मी केली. आतून उघडता येत नाही, हेही मीच केलं. आता सांगा, तक्रार कोणाकडे करू?"

मामंजींची सगळी नोकरी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत गेली. मृत माणसांची नावं त्यांनी एवढ्या वर्षांत अशा काही आवाजात पुकारली होती की नातेवाईक नकळत 'हजर' म्हणायचे. तोच आवाज आमच्या दिवाणखान्यात लागला. फर्निचरवाल्यांच्या हातातली टाकीची सूचना खाली पडली.

"आजोबा," ते म्हणाले, "हे परत वाचा."

पटकथेतलं भूत एका म्हाताऱ्या सुताराचं होतं. मालकाने त्याला त्यानेच घडवलेल्या कपाटात कोंडलेलं असतं, तसलं कपाट त्याने दुसऱ्या कोणाला करून देऊ नये म्हणून. भाचा वरून धावत आला, त्याने मामंजींना दोन्ही हातांची चौकट करून न्याहाळलं, आणि भूत मिळालं असं जाहीर केलं. त्यानंतर मी 'नाही' म्हटलं असतं तर ते मामंजींना लागलं असतं. शाळेच्या नाटकात त्यांना फक्त पडद्याची दोरी ओढायला ठेवलं होतं, आणि त्यांची बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, ती गोष्ट अजून दर भेटीत सांगतात. "आमचा भाऊ नाटकात होता हो. दोरीला लोंबकळत." मामंजी हसतात. पण आधी क्षणभर थांबतात.

त्या संध्याकाळी त्यांनी आत्याबाईंना फोन केला. "तोंड दिसणार आहे या वेळी," एवढंच म्हणाले.

*

कोणतंही काम हाती घेतलं की आधी त्या विषयावर काय झालेलं आहे ते बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी कोपऱ्यावरच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात गेले. वाचनालयवाल्यांकडे भुताच्या सिनेमांवरच्या कादंबऱ्यांची वेगळी फळी होती, आणि त्या फळीवरची पुस्तकं सगळ्यात जास्त फाटलेली होती.

"पण सिनेमा पाहिल्यावर हे वाचतं कोण?" मी विचारलं.

"सिनेमा पाहिलेलेच वाचतात, ताई. ही पुस्तकं सिनेमा पाहून लिहिलेली नसतात. तो पुरा व्हायच्या आत, पटकथेवरून लिहितात. लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने भूत पाहिलेलंच नसतं. त्यामुळे पुस्तकात एक भूत असतं आणि पडद्यावर भलतंच येतं."

"म्हणजे चुका असतात."

"चुका काय म्हणता! सिनेमातून कापलेलं या पुस्तकांत राहून जातं. हे बघा, यातला कुत्रा सिनेमात लवकरच मरतो. पुस्तकात शेवटपर्यंत जगतो. एक आजीबाई दर वर्षी हे पुस्तक नेतात. फक्त कुत्र्यासाठी."

मी ती पुस्तकंही आणली आणि त्यांचे सिनेमेही मिळवले. संध्याकाळी सिनेमा, सकाळी पुस्तक, अशी शिस्त ठेवली. आमचे हे चहाचा कप घेऊन समोर बसायचे आणि पडद्यावर काही झालं की कपाकडे बघायचे.

निरीक्षणं अशी. सिनेमात भूत अचानक येतं. पुस्तकात अचानक काहीच येत नाही, पान उलटायला आपलंच बोट लागतं. सिनेमात डोळे मिटले तरी गोष्ट पुढे जाते, नुसत्या आवाजावर. पुस्तकात डोळे मिटले की भूतही जागच्या जागी थांबतं, कितीही वेळ, निमूट. मला पुस्तकातली भुतं जास्त सभ्य वाटली. शिवाय पुस्तक भुताच्या मनात शिरतं. त्याचं कोण मेलं, त्याला कोणी फसवलं, हे सगळं सांगतं. आणि एखाद्याचं सगळं कळलं की त्याला घाबरणं अवघड जातं. सिनेमात भुताला चेहरा मिळतो आणि पुस्तकात कारण, असं एक वाक्य मी तेव्हा लिहून ठेवलं होतं. चांगलं वाक्य आहे असं मला वाटलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

पटकथेत शास्त्रीय चुका पुष्कळ होत्या. मी त्या भाच्याला दाखवल्या.

"भूत भिंतीतून आरपार जातं. मग जमिनीतून खाली का पडत नाही?"

"काकू, हॉरर आहे. लॉजिक नका शोधू."

"आणि भिंतीतून जातं तर त्याला कपाटाचं दार का उघडावं लागतं?"

भाचा मामाकडे बघायला लागला. शेवटी तो प्रश्न मीच सोडवला. भूत विटांमधून जाऊ शकतं, लाकडातून नाही. कारण सुताराने आयुष्यभर लाकडाचा मान राखला होता. फर्निचरवाले यावर इतके खूष झाले की विटांपेक्षा लाकूड मजबूत असं जाहिरातीत घालायला निघाले होते.

इमारतीत बातमी पसरल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. शिकवणीबाई म्हणाल्या, "भुताला एक मुलगी दाखवा. लग्नाची राहिलेली. वाचणारा रडलाच पाहिजे." शेजारचे निवृत्त वकील म्हणाले, "कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. भुताने आधी नोटीस द्यायला हवी होती. अंगावर धावून जाण्याने त्याची बाजू कमकुवत होते." फर्निचरवालीण वहिनींचं म्हणणं होतं की भुताच्या धोतराऐवजी लेंगा असावा, कपाटात धोतर अडकतं. आमच्या ह्यांना मी विचारलं तर म्हणाले, "छान चाललंय." ते काय चाललंय हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मला मात्र भूत बिनचूक हवं होतं. सातवं प्रकरण त्याच्या भाषणाचं होतं, सगळ्या कादंबरीचा कणा. मी मामंजींना म्हटलं, तुम्ही म्हणून दाखवा, मी टिपून घेते. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या कपाटाला पाठ लावून मामंजी उभे राहायचे आणि मी जेवणाच्या टेबलाशी पेन घेऊन बसायची.

"दार मी केलं," मामंजी सुरू करायचे.

"थांबा. 'केलं'नंतर श्वास आत घेतलात की बाहेर सोडलात?"

"बघ ना तू. परत करतो."

ते परत करायचे. कोणत्या शब्दावर घसा दाटतो, कुठे बोटाचं पेर लाकडावर आपटतं, 'तक्रार' म्हणताना आवाज वर जातो की खाली, सगळं मी लिहून घेत गेले. मान वर करायला फुरसत नव्हती. एक शब्द सुटला तर नोंद अपुरी. त्यांनीही कधी कंटाळा केला नाही. उलट म्हणायचे, "सूनबाई, आज थोडं वेगळं करतो हं, बघ." आणि मी म्हणायची, "वेगळं नको, कालचंच करा. नोंदी जुळल्या पाहिजेत."

खालून शिकवणीबाईंनी घशाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवला. त्यांच्या शिकवणीला येणारी दोन मुलं पाढे अर्धे टाकून घरी पळाली होती.

*

शूटिंग फर्निचरच्या गोदामातच होतं. मी रजा टाकून गेले. मेकअपला माणूस परवडत नव्हता, म्हणून दुकानात लाकडाला पॉलिश करणारा कारागीर बसवला होता, आणि त्याने मामंजींच्या तोंडाला आणि हातांना पांढरं काहीतरी फासून तयार केलं होतं. मी वास घेतला.

"हा रंग नाही," मी म्हटलं. "हा लाकडाला लावायचा प्रायमर आहे."

"पक्का बसतो, बाई," कारागीर अभिमानाने म्हणाला. "वर दुसरा हात दिला की दहा वर्षं हलत नाही."

याच वेळी आमच्या ह्यांचा फोन आला. मामंजींच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायची आज शेवटची तारीख होती. कार्यालय दुपारी बंद होणार होतं, माणूस स्वतः हजर हवा होता, आणि ही गोष्ट ह्यांना आत्ता आठवली होती. मी मामंजींना तसंच टॅक्सीत घातलं. टॅक्सीवाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि पुन्हा आरशात पाहिलंच नाही. मागून येणाऱ्या गाड्यांनी आम्हाला कसं सांभाळून घेतलं देव जाणे.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, मामंजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दाखला कोणाचा?"

"यांचा."

"हयातीचा?"

"हो, हयातीचा."

त्याने जुना फोटो काढून समोर धरला. "जुळत नाही, बाई. फोटोतला माणूस जिवंत वाटतो."

"ते जिवंतच आहेत. मेकअप आहे."

"मेकअपचा दाखला आहे?"

तो नव्हता. मग त्याने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. मामंजींनी अंगठा ठेवला. यंत्राने थोडा विचार केला आणि बाईच्या गोड आवाजात सांगितलं, "व्यक्ती आढळली नाही." मागे रांगेत कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

प्रायमर कशात विरघळतो हे मला माहीत होतं, आणि पर्समध्ये स्पिरिटची बाटली असायला हवी होती. मी खाली वाकून पर्समध्ये कापूस शोधायला लागले. वाकलेलीच होते, तेव्हा वरून मामंजींचा आवाज आला. "दार मी केलं." रांग गप्प झाली. "कडी मी केली." कुठेतरी शिक्के मारणं चाललं होतं, ते थांबलं. "आतून उघडता येत नाही, हेही मीच केलं. आता सांगा, तक्रार कोणाकडे करू?"

मी कापूस घेऊन मान वर केली, तर सगळं कार्यालय मामंजींकडे बघत होतं. आतल्या खोलीतले साहेब चष्मा हातात धरून दारात उभे होते, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या. मामंजींचा चेहरा तोवर नेहमीसारखा झाला होता.

"द्या हो दाखला," साहेब म्हणाले. "मेलेला माणूस एवढं चांगलं बोलत नाही."

टॅक्सीत मामंजी म्हणाले, "पाहिलंस?"

"कापूस शोधत होते मी," मी म्हटलं.

"हां, हां. बरोबर आहे."

गोदामात परत आलो तोवर कपाटाचं दार ओढणारा माणूस जेवायला म्हणून गेला होता आणि परत आला नव्हता. दार आपोआप उघडल्यासारखं दिसावं म्हणून मागून दोरी ओढायची होती. भाचा म्हणाला, "काकू, तुम्ही अचूक कराल." मला ते कौतुक वाटलं. तेव्हा मामंजी कॅमेऱ्यासमोर आपलं भाषण म्हणत असताना मी कपाटामागे, लाकडाच्या भुशात, दोरी धरून उभी होते. दोरी अगदी वेळेवर ओढली. भाषण संपल्यावर पलीकडे टाळ्या पडल्या, आणि पॉलिशवाला कारागीर कोणाला तरी सांगत होता, "अंगावर काटा आला राव."

मला दिसत होती ती कपाटाची पाठ. प्लायवूडची होती, हेही सांगून टाकते.

*

पुस्तक छापखान्यात जायच्या आधी फर्निचरवाले खाली आले. नेहमी ते सोफ्यावर बसतात, त्या दिवशी उभे राहिले.

"वहिनी, सातव्या प्रकरणात थोडा फेरफार करावा लागेल. भाचा म्हणतो, भूत जितकं कमी दिसेल तितकी भीती जास्त. तर आता फक्त हात ठेवलाय."

"कोणाचा हात?"

"आजोबांचाच. दाराच्या फटीतून येतो. फार सुंदर आलाय हो हात. पॉलिशही दिसतं."

"आणि भाषण?"

"कापलं. पुस्तकातूनही काढा. दोन्हींचं जुळायला नको का?"

आयुष्यभर मी जुळवण्याचंच काम केलं आहे. पण त्या दिवशी मी म्हटलं, नाही. वाचनालयवाल्यांकडून शिकलेलं सगळं त्यांना ऐकवलं, कुत्र्याचं आणि आजीबाईंचंही. या पुस्तकांची हीच तर गंमत असते की सिनेमातून गेलेलं इथे राहतं, असं सांगितलं. सातवं प्रकरण जाणार असेल तर माझी टाकीची सूचनाही परत द्या, असंही म्हटलं. याचा काही संबंध नव्हता, पण रागात सुचलं. फर्निचरवाले वाद घालणाऱ्यांतले नव्हते. प्रकरण राहिलं. मग मी भाच्याला गाठून विचारलं की कापलेलं चित्रण तरी द्या, घरी ठेवू.

"ते उडवलं, काकू," तो म्हणाला. "जागा करायला. कपाटांचे क्लोजअप वाढले ना."

मामंजींना सांगायला हवं होतं. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा, वडील तुमचे." हे म्हणाले, "तू सांग, भूत तुझं." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला आम्ही दोघंही तयार होतो, फक्त दुसऱ्याच्या हाताने. आणि खरं सांगायचं तर मला फारशी काळजीही वाटत नव्हती. पुस्तक होतं ना. त्यात सगळं होतं, श्वासासकट.

पहिल्या खेळाला आमचे नातेवाईक एक अख्खी रांग भरून बसले. मामंजींनी सगळ्यांना स्वतः फोन केले होते. आत्याबाई त्यांच्या उजव्या हाताला, मी डाव्या. पडद्यावर कपाट आलं की आत्याबाई मोठ्याने विचारायच्या, "आता येतोस का रे?"

"थांब जरा," मामंजी सांगायचे.

पुन्हा कपाट. "आता?"

"थांब गं."

सिनेमात कपाटं किती होती हे मी आधीच सांगितलं आहे. मग ते दार कण्हत उघडलं. माझीच दोरी. फटीतून एक पांढरा हात आला, कडीवर टेकला, थोडा थरथरला आणि आत गेला. मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "लाकूड चांगलं आहे." दार मिटलं. पुढचा प्रसंग सुरू झाला, आणि मामंजी अजून खुर्चीत पुढे झुकून बसले होते.

सिनेमा संपला, दिवे लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते म्हणायची सोय नव्हती. आत्याबाई काय म्हणतील म्हणून मी उगाच पर्स उघडून बंद केली. आयुष्यभर वाट पाहावी अशी संधी त्यांना आयती मिळाली होती. त्यांनी भावाचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"हाच का रे?"

"हाच."

"नखं स्वच्छ होती हो तुझी," त्या म्हणाल्या. दोरीचं नावही काढलं नाही. त्यांनी नाव काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

"हात बरा आला," मामंजी म्हणाले.

*

पुस्तक दोन दिवसांनी आलं. मुखपृष्ठावर कपाट होतं आणि माझं नाव कपाटाच्या किमतीखाली होतं, पण ते असो. मी सातवं प्रकरण उघडून मामंजींच्या हातात दिलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, भिंग घेतलं, आणि एकेक ओळ वाचत गेले. मी समोर उभी. परीक्षेच्या निकालाची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती.

"सगळं घेतलंस की गं," ते शेवटी म्हणाले. "श्वाससुद्धा."

"सिनेमात नाही, पण इथे आहे. इथून कोणी कापू शकत नाही."

"हो." त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "भूत छान झालंय."

"तुमचंच आहे, मामंजी. सगळं तुमच्यावरून घेतलंय."

"नाही गं, चांगलं आहे. पण हे भूत आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मी म्हणत होतो तेव्हा माझं तोंड कसं दिसायचं, ते कुठे आहे का यात?"

मी पुस्तक हातात घेतलं. प्रकरण मला पाठ होतं, तरी शोधलं. पेराचा आवाज होता. घसा होता. 'तक्रार' म्हणताना आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो, हे होतं. आणि चेहऱ्याच्या जागी मी लिहिलं होतं, 'त्याच्या चेहऱ्यावर शब्दांत सांगता न येणारा भाव होता.' असलं वाक्य माझ्या हाताखालच्या कोणी अहवालात लिहिलं असतं तर मी तो अहवाल परत पाठवला असता. शब्दांत सांगता न येणारा म्हणजे काय? म्हणजे पाहिला नाही.

मामंजींनी राग धरला नाही. सिनेमा एक आठवडा चालला. तेवढ्यात ते बागेतल्या बाकावरच्या मित्रांना घेऊन आणखी दोनदा जाऊन आले आणि हात दाखवून आले. पुस्तकाची एक प्रत आत्याबाईंना दिली. फर्निचरवाल्यांची कपाटं खपली, सगळी. त्यातलं एक शिकवणीबाईंनी घेतलं, आणि आता त्या ते उघडण्याआधी टिचकी मारतात. वाचनालयवाल्यांनी त्यांच्या फळीवर माझ्या पुस्तकाला जागा दिली. परवा म्हणाले, "ताई, सातव्या प्रकरणासाठी एक गिऱ्हाईक परत परत नेतंय. सिनेमात नाही ना ते." मी थँक्यू म्हटलं. घरी येईपर्यंत तेच एक डोक्यात होतं. पेन्शनच्या कार्यालयातल्या त्या अनोळखी बाईंनी मामंजींचं ते तोंड पाहिलं. पॉलिशवाल्याने पाहिलं. भांड्यांच्या कपाटासमोर तर ते रोज संध्याकाळी होतं, माझ्या एकटीसाठी, आणि मी खाली बघून लिहीत होते.

काल संध्याकाळी टेबल पुसलं. कागद नाही, पेन नाही. खुर्ची भांड्यांच्या कपाटासमोर वळवून ठेवली. मामंजी पाणी प्यायला आत आले होते.

"मामंजी," मी म्हटलं, "एकदा म्हणून दाखवता? ते, दार मी केलं. आज मी नुसती बघणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. पेला जागेवर पालथा घातला. क्षणभर थांबले, आणि हसले.

"आता काय, सूनबाई," ते म्हणाले. "पुस्तकात आहे की."